चाकांवरचे घर आणि महादेवाची वाट

मुलाबाळांसह अंथरूण-पांघरूण आणि शिधा बरोबर घेऊन, वाटेतच रांधत आणि मुक्काम करीत पुढे सरकणारा प्रवास पांढुर्णा-सौंसर भागाला नवा नाही. हा मुलूख ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला असला, तरी येथील मराठी कुटुंबांची वाट पिढ्यान्‌पिढ्या सातपुड्यातील मोठ्या महादेवाकडे, म्हणजे पचमढीजवळच्या चौरागडाकडे, जात आली आहे, आणि मोटारी येण्यापूर्वी ती वाट पायी किंवा बंडीने, म्हणजे बैलगाडीने, कापली जाई. म्हणूनच परदेशात कॅम्पर व्हॅन, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, भाड्याने घेऊन मुलांना हिंडवू पाहणाऱ्या येथील आईवडिलांना तिची रीत समजण्यासाठी बंडीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

बंडीत जागा मोजकी असल्यामुळे एकेका वस्तूला दोन-दोन कामे असत. कुटाराच्या, म्हणजे गुरांना घालायच्या भुशाच्या, पोत्यांवर गोधडी टाकली की मुलांची गादी तयार होई आणि बैल खात जातील तसतशी ती गादी दिवसागणिक खाली बसे, म्हणजे वाट किती सरली हे मुलांच्या पाठीलाच कळे. बैलाची चाल तासाला तीन-चार किलोमीटरांची, त्यामुळे मुक्काम कोठे करायचा हे पाणी आणि सावली पाहून ठरे. तेथे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले जात. रोडगा म्हणजे तेल लावून थरांचा केलेला कणकेचा जाड गोळा. तो राखेतून काढून झटकला, हाताने फोडला आणि तूप घालून वांग्याच्या भाजीबरोबर मुलांपुढे ठेवला की दिवसभराचे हिंदकळणे विसरले जाई. या जेवणासाठी गोवऱ्या वेचण्यात आणि पाणी आणण्यात मुलांचा हात असे, आणि प्रवास त्यांचा होण्याचे खरे कारण तेच होते.

कॅम्पर व्हॅनमध्येही हेच गणित टाक्यांच्या रूपाने येते: एका टाकीत स्वच्छ पाणी, दुसरीत भांडी-अंघोळीचे सांडपाणी, तर शौचाची टाकी वेगळी, आणि भरलेल्या टाक्या ठरवून दिलेल्या ठिकाणीच रित्या कराव्या लागतात. परदेशांपैकी न्यूझीलंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालत असल्यामुळे भारतीय चालकाला तो देश सोपा पडतो. मात्र तेथे सात वर्षांखालील मुलासाठी मान्यताप्राप्त बालआसन कायद्याने सक्तीचे आहे, आणि गाडी चालू असताना बंडीतल्यासारखे मुलांना मागे पलंगावर लोळू देता येत नाही. बंडी आणि व्हॅन यांतला हा सर्वांत मोठा फरक असून आईवडिलांनी तो घरूनच मुलांच्या गळी उतरवलेला बरा. ऋतूही उलटे: आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तेथे हिवाळा तोंडावर आलेला असतो, तर दिवाळीच्या सुट्टीत वसंत असतो, त्यामुळे लहान मुलांसाठी दिवाळीच योग्य.

खर्च मोठा असल्यामुळे पंधरा दिवसांत सारा देश उरकण्याचा मोह होतो, आणि मुलांच्या वाट्याला मग पट्ट्यात जखडलेले तासच येतात. त्यापेक्षा दिवसाला दोन-तीन तासांचाच रस्ता धरावा, एकेका तळावर दोन रात्री काढाव्यात आणि पाण्याच्या टाकीचा काटा पाहण्याचे काम मुलांकडेच सोपवावे.

महादेवाच्या वाटेवर जुन्नारदेवजवळ विशाला नावाचे ठिकाण आहे. त्याला ‘पहिली पायरी’ म्हणतात, आणि भाविकांनी वाहिलेल्या त्रिशूळांनी भरलेला चौरागडाचा माथा तेथून बराच दूर, डोंगरांपलीकडे असतो. लांबच्या विमानप्रवासानंतर व्हॅन ताब्यात घेतलेल्या दिवशी असाच एक जवळचा तळ गाठावा, अंधार पडण्याआधी टाक्या, दिवे आणि शेगडी मुलांसह पाहून घ्यावी आणि रात्री साधा वरणभात करावा.