सायरसला कुणी मारलं?

भारी पिक्चर. हे तुमचं मत.

वसतिगृहाच्या एका खोलीत, एका लॅपटॉपसमोर आपण बाराजण एकमेकांच्या मांडीवर बसून 'द वॉरियर्स' बघितला आणि दिवा लागल्यावर बाराजणांनी मिळून एवढंच मत दिलं. कुणाला ते तोंड रंगवलेले बॅटवाले आवडले, कुणाला बिनबाह्यांची कातडी जाकिटं. एकजण कॉटवर चढून हात पसरून सायरसची नक्कल करत होता, 'कळतंय का तुम्हाला?' आणि बाकीचे होऽ म्हणून ओरडत होते. मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू? पण रात्री डोळा लागला नाही. ज्याची नक्कल चालली होती तो माणूस पिक्चरच्या पहिल्या वीस मिनिटांत गोळी खाऊन मेला होता, आणि त्याचं आपल्यातल्या एकालाही काही वाटलं नव्हतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिक्चर 1979 चा, दिग्दर्शक वॉल्टर हिल, गाव न्यूयॉर्क. ब्रॉन्क्समधल्या एका बागेत रात्री शहरभरच्या टोळ्यांची सभा भरते. प्रत्येक टोळीतून नऊजण, हत्यार आणायचं नाही, भांडायचं नाही. बोलावणारा सायरस, काळा, सगळ्यात मोठ्या टोळीचा म्होरक्या. तो हिशेब मांडतो: आपण सगळे धरून 60,000, पोलीस 20,000. मग आपण एकमेकांच्या गल्ल्या राखत एकमेकांचीच डोकी का फोडतोय? तेवढ्यात ल्यूथर नावाचा एक हलकट त्याला गोळी घालतो आणि बोट दाखवतो कोनी आयलंडच्या वॉरियर्सकडे. रेडिओवरून बातमी सुटते. पुढचा सगळा पिक्चर म्हणजे ही पोरं अख्खं शहर ओलांडून घरी कशी पोचतात त्याची पळापळ.

आपलं सगळं मत त्या पळापळीवर. आणि हे आपल्यापुरतंच नाही. सत्तेचाळीस वर्षं जगभरचा प्रेक्षक हेच करत आलाय. एक म्हणतो, अहो हे कॉमिक बुक आहे, त्यात राजकारण शोधू नका. खुद्द दिग्दर्शकाने 2005 साली नवी प्रत काढली तेव्हा तिच्यात चित्रकथेच्या चौकटी घालून ह्या लोकांना वर साक्ष काढून दिली. त्याच साली व्हिडिओ गेम निघाला, म्हणजे आता घरबसल्या बटणं दाबून टोळीत जाता येतं. दुसरा म्हणतो, पिक्चर वाईट, पोरं बिघडतात. 1979 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ह्या पिक्चरच्या अवतीभवती तीन खून झाले, पॅरामाउंट कंपनीने घाबरून जाहिराती काढून घेतल्या, आणि सभ्य लोकांना सांगायला झालं की बघा, ही जातच तसली. हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. 1871 साली इंग्रजांनी ह्याच वाक्याचा कायदा केला, अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, आणि तो पुसायला 1952 उजाडलं. कायदा पुसला. वाक्य अजून पोलीस चौकीत बसलंय.

म्हणजे एकाला टोळी दिसते ती गंमत म्हणून, दुसऱ्याला रोग म्हणून. पोरं टोळीत का जातात, हे दोघांनाही नकोय. सत्तरच्या दशकात साउथ ब्रॉन्क्स जळत होता. घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्याचे प्रकार घडले. पिक्चरमध्ये टोळ्या आहेत, पोलीस आहेत, घरमालक एकही नाही.

आता कातडीच्या रंगाकडे या. पिक्चर ज्या कादंबरीवरून घेतला ती सॉल यूरिकची, 1965 ची. हा माणूस न्यूयॉर्कच्या कल्याण खात्यात नोकरीला होता, गरिबांच्या घरात जाऊन आलेला. त्याच्या कादंबरीतली पोरं काळी आणि लॅटिन वंशाची आहेत, आणि त्याने त्यांना देव केलेलं नाही, ती खून करतात, बाईवर बलात्कार करतात, वाचवत नाही. हिलने पुढे सांगितलं की त्यालाही सगळे काळेच नट घ्यायचे होते, कंपनीने नाही म्हटलं. मग काय झालं ते नीट बघा. सायरस काळा, मेला. वॉरियर्सचा म्होरक्या क्लिऑन काळा, त्याला त्याच गर्दीत तुडवला. पहिल्या वीस मिनिटांत दोन काळे पुढारी बाजूला आणि पिक्चर आला गोऱ्या स्वॉनच्या हातात. आता तिकीट खपेल!

तुम्ही म्हणाल, तू सगळीकडे जात काढतोस. मी काढत नाही रे, ती तिथे घालून ठेवलेली असते, मी फक्त बोट लावतो.

ह्याच पिक्चरमध्ये एक जागा आहे, तिच्यासाठी मी ह्या हिलचे सगळे गुन्हे माफ करीन. पहाटेची भुयारी गाडी. स्वॉन आणि ती पोरगी मर्सी थकून, मळून, रात्रभर मार खाऊन बसलेत. एका स्टेशनावर नटूनथटून आलेली गोरी पोरंपोरी चढतात, नाचाच्या समारंभाहून घरी निघालेली, आणि समोरच्या बाकावर बसतात. हसू मावळतं त्यांचं. कुणी काही बोलत नाही. मर्सीचा हात आपोआप केसांकडे जातो, सारखे करायला. स्वॉन तो हात धरून खाली घेतो. बस्स, एवढंच. आपल्यातला एकजण तेव्हा मोबाईल बघत होता. अरे, तो हात आपला आहे! परीक्षेच्या तोंडी मुलाखतीत साहेबाने आडनाव विचारलं की कॉलरकडे जातो तो हात. मैत्रिणीच्या घरी चहाचा कप वेगळा आला की मांडीखाली लपतो तो हात. समोरच्याने शिवी दिलेली नसते, नुसतं बघितलेलं असतं. ह्या एका जागेवर बाराजणांत तासभर भांडण व्हायला हवं होतं, आणि आपण बोललो बॅटींवर.

आणखी एक. एजॅक्स बागेत एकट्या बाईवर हात टाकतो तेव्हा आपल्या खोलीत शिट्टी वाजली. बाई पोलिसातली निघाली, तो बेडीत अडकला, तेव्हा सगळे हळहळले, त्याच्यासाठी. बाई पोलिसातली नसती तर? पोरींचं मत विचारायला आपण एकीलाही बोलावलं नव्हतं. तिकडे 2024 मध्ये लिन-मॅन्युएल मिरांडा आणि आयझा डेव्हिस यांनी ह्याच गोष्टीची गाण्यांची ध्वनिफीत काढली, तिच्यात वॉरियर्स बायका आहेत आणि सायरसचा आवाज लॉरिन हिलचा. आपल्या खोलीत अजून 1979 चालू आहे.

आता मुख्य मुद्द्याचं. सायरसची सभा नुसती पटकथेतली नाही. 2 डिसेंबर 1971 रोजी ब्रॉन्क्समध्ये घेटो ब्रदर्स ह्या टोळीचा कॉर्नेल बेंजामिन, ज्याला ब्लॅक बेंजी म्हणत, दुसऱ्या टोळ्यांचं भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. सगळं शहर वाट बघत होतं की आता रक्ताचा पाट वाहणार. टोळीचा म्होरक्या बेंजी मेलेंडेझ मेलेल्याच्या आईकडे गेला. आई म्हणाली, सूड नको. 8 डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या बॉईज क्लबमध्ये टोळ्या एकत्र बसल्या, एकमेकांना शिव्या घातल्या, आणि तह केला. त्या तहाने गल्ल्या मोकळ्या झाल्या, दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवता येऊ लागला, आणि 1973 च्या ऑगस्टात त्याच ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कच्या तबकड्यांवर जे सुरू झालं त्याला आज तुम्ही रॅप म्हणता. जयंतीत वाजवता.

म्हणजे खऱ्या गावात शांतता करणारा मेला तरी सभा झाली. पिक्चरमध्ये तो मेला आणि सभा मोडली. प्रेक्षकाला कुठली आवडली? मोडलेली. तिच्यात पळापळ आहे.

त्या सभेनंतर सहाएक महिन्यांनी, 1972 साली, मुंबईत आपल्या माणसांनी पँथर नाव घेतलं, ऑकलंडच्या काळ्या पोरांच्या 1966 च्या संघटनेवरून. 10 जानेवारी 1974 ला मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेले. त्याच वर्षी पँथर फुटली. कुणामुळे फुटली ह्यावर आपली म्हातारी माणसं अजून तावातावाने बोलतात, प्रत्येकाचा ल्यूथर वेगळा.

आणि आपला? गेल्या 14 एप्रिलला आपल्या दोन मंडळांची डीजेच्या गाडीवरून जुंपली. गाडी आधी कुणाची, एवढंच कारण. कुणीतरी मोबाईलवर टाकलं की पहिला दगड त्यांच्या पोराने मारला. ते फिरलं. पाच टाके, दोन गुन्हे, एकाची पोलीस भरती गेली. त्या पोराने दगड मारला की नाही हे विचारायला त्याच्या घरी कोण गेलं? कोणी नाही. पिक्चरमध्ये निदान एक साक्षीदार निघतो, सायरसच्या टोळीपुढे जाऊन मी बघितलंय म्हणतो, आणि शेवटी समुद्रकिनाऱ्यावर ल्यूथर सापडतो. आपल्याकडे बघणारे चाळीसजण होते. मी धरून.

सायरसलाही मी डोक्यावर घेत नाही. त्याच्याकडे डोकी मोजून झाली होती, पुढे काय, तर शहर आपल्या ताब्यात. ताब्यात घेऊन काय करणार? हप्ता! घरभाडं, शाळा, नोकरी, ह्यातलं अक्षर नाही त्याच्या भाषणात. 1927 साली महाडला बाबासाहेबांनीही माणसं जमवली, पण तळं दाखवून जमवली, ओंजळभर पाण्यासाठी. आणि परतताना सवर्णांनी लाठ्या घातल्या तेव्हा संख्या हाताशी असताना आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. ते भित्रेपण म्हणणारे तेव्हाही होते, आजही खोली नंबर अकरात एक आहे, त्याने लिहून पाठवावं, छापू.

पिक्चर पुन्हा लावा. येत्या रविवारी, माझा लॅपटॉप घ्या. त्या दुसऱ्या मंडळाच्या पोरांना बोलवा, टाके पडलेल्यालाही. पोरींना बोलवा. पहिली वीस मिनिटं दोनदा दाखवा, गाडीतली ती जागा तीनदा. त्याआधी मला त्या दगडवाल्या पोराच्या घरी जाऊन यायचंय. सोबत कोण येतंय?