सुरतेहून भावनगर किती लांब?

दोन गावांमधले अंतर कोणी विचारले, की आपण एक आकडा सांगून मोकळे होतो. गुजरातेतील सुरत आणि भावनगर या दोन शहरांच्या बाबतीत मात्र कोणता आकडा सांगावा, हाच प्रश्न पडतो. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर अंतर १०० किलोमीटरही भरत नाही. रस्त्याने निघालात, तर ते ३५० च्या वर जाते! मध्ये खंभातचे आखात आहे. भरूचला नर्मदा, पुढे मही, मग साबरमती अशा नद्या ओलांडत आखाताला वळसा घालावा, तेव्हा पलीकडचा किनारा लागतो. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

हा वळसा कोणाच्या वाट्याला येतो? सुरतेच्या कारखान्यांत हिरे घासणारे कितीतरी कारागीर भावनगर-अमरेलीकडचे आहेत. दिवाळीला घर गाठायचे, तर दिवस मोडतो. २०२२ साली नऊ आसनांची विमाने या दोन शहरांत सुरू झाली. अर्ध्या तासाचा प्रवास. पण महुव्याच्या शेतकऱ्याने कांद्याची पोती काय विमानात घालायची?

गरिबाच्या उपयोगाची वाट पाण्यातूनच जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा ते दहेज बोट सुरू झाली. पाण्यातून अंतर अवघे ३१ किलोमीटर! पण दहेजकडे गाळ साचला, बोटीला खोली पुरेना आणि ती सेवा बंद पडली. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरतेजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला ट्रक-मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोट सुटली. सरकारी हिशेबाने ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरवर आला, दहा-बारा तासांचे चार तास झाले.

रस्ता तरी भरवशाचा आहे का? ९ जुलै २०२५ रोजी वडोदरा-आणंद यांमधला महीवरचा गंभीरा पूल कोसळला. वाहने नदीत पडली, वीसएक माणसे प्राणाला मुकली. सौराष्ट्राकडे जाणाऱ्या ट्रकांची ही वाट होती. पूल जेमतेम चाळीस वर्षांचा.

गोमंतकीयांना हे दुःख नवे नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यातले अंतर तसूभरही वाढले नव्हते. वाट तेवढी नाहीशी झाली होती. त्या दिवसांत लोकांना तारले ते फेरीबोटींनी.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जलमार्ग म्हणजे उद्घाटनाची शोभा नव्हे. रस्त्यावरचे खड्डे सरकारी खर्चाने बुजवतात, तसा पाण्यातला गाळही सरकारी खर्चाने उपसला पाहिजे. तो उपसताना मच्छीमारांना आधी विचारले पाहिजे. कुठे गाळ बसतो आणि कुठे जाळी लागतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? कांद्याच्या पोत्याला परवडेल असे भाडे हवे. आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पुलाची तपासणी होऊन तिचा निकाल लोकांपुढे आला पाहिजे.

सरळ रेघेचे अंतर पाखरांसाठी. माणसासाठी अंतर मोजायचे ते वेळेने, भाड्याने आणि सुखरूप घरी पोचण्याने.