व्हिडिओतली घोरपड पाळीव, बांधावरची धराल तर थेट जेल!

परदेशातला एखादा तरणा गडी माणसाएवढी लांब घोरपड खांद्यावर घेऊन फिरतोय, बाथटबात पोहायला सोडतोय, हातानं अंडं भरवतोय. असले व्हिडिओ आता गावोगाव मोबाईलवर बघितले जातात. मग बांधावर घोरपड दिसली की इथल्या पोरांनाही वाटतं, धरावी, पिंपात ठेवावी, स्टेटसला टाकावी. नेमका इथंच घात होतो.

व्हिडिओतली वेगळी, आपली वेगळी

व्हिडिओत बहुतेक वेळा असते ती वॉटर मॉनिटर, म्हणजे पाण्याकाठची घोरपड. ती पाच ते सात फूट वाढते. श्रीलंकेत तर दहा फुटांहून लांब नोंद आहे. भारतात ती सुंदरबन, ओडिशातलं भितरकनिका, अंदमान-निकोबार आणि ईशान्येकडे सापडते. आपल्या रानात ती नाही. आपल्याकडची ती साधी घोरपड, अंगानं लहान.

कायद्याला मात्र दोघी सारख्याच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दोघींची नावं आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरी पाळायला परवानगी नाही. या कायद्यात जिवंत धरणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड. जामीनही सहजासहजी होत नाही. 'मारली नाही, नुसती ठेवली होती' हे सांगून सुटका होत नाही. आणि स्टेटसला टाकलेला व्हिडिओ हाच पुरावा ठरतो.

मग शहरात इग्वाना कसा विकतात?

हिरवा इग्वाना हा परदेशी सरडा. असे परदेशी प्राणी २०२२ च्या दुरुस्तीनं चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे ते ज्याच्याकडे आहेत त्यानं केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची. ही सोय आपल्या घोरपडीला लागू नाही. इग्वानाचा कागद दाखवून घोरपड ठेवता येत नाही.

परदेशातही सोपं नाही

विकत घेतलेलं पिल्लू असतं फूटभर. दोन-तीन वर्षांत ते पलंगाएवढं होतं. त्याला खोलीएवढी जागा, पोहायला हौद, ऊन शेकायला तापलेला दगड लागतो. ते पाण्यातच घाण करतं, म्हणून पाणी सारखं बदलावं लागतं. चावलं तर जखम चिघळते, शेपटीचा फटका बसतो तो वेगळाच. व्हिडिओत हे काही दिसत नाही.

जड झालं की लोक सोडून देतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या केप कोरल शहरात आफ्रिकेतली नाईल घोरपड अशीच मोकाट झाली. पाळीव म्हणून आलेली, आता तिथल्या पक्ष्यांची, कासवांची अंडी खाते. शेवटी २०२१ मध्ये फ्लोरिडानं तिला घरी पाळायला बंदी घातली.

बांधावर असलेलीच बरी

घोरपड कोंबडीची अंडी, पिल्लं पळवते, हे खोटं नाही. खुराड्याला बारीक जाळी मारली, अंडी सांजच्याला उचलली, की हे नुकसान बरंच थांबतं. पण तीच उंदीर, भुंगेरे, किडे, मेलेलं जनावर खाते. उंदीर खाणारं जनावर रानातून उचलून पिंपात कोंडायचं, आणि मग उंदरासाठी औषध विकत आणायचं, हा कुठला हिशोब?

घोरपड घरात किंवा विहिरीत सापडली तर हात लावू नका. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा, नाहीतर गावच्या वनरक्षकाला कळवा. तोवर कुत्री बांधून ठेवा, गर्दी हटवा. वाट मोकळी दिसली तर ती आपणहून निघून जाते.

दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी कोर्टाची तारीख लागली, तर ऐन पेरणीत वावर सोडून तालुक्याला खेटे घालावे लागतात. घरात तरणी पोरं आहेत त्यांनी एवढं त्यांच्या कानावर घालावं.