पाण्याची स्पर्धा आणि पहिला ग्राहक

नवउद्योजकांच्या स्पर्धांच्या वार्ता आपण वाचतो. बक्षिसाचा आकडा लक्षात राहतो, विजेत्याचे छायाचित्रही राहते. स्पर्धेच्या अटी मात्र क्वचितच कोणी वाचतो. व्यापाऱ्याने प्रथम अटीच वाचाव्यात, कारण मालाचा खरा भाव त्यांतच दडलेला असतो.

२०१६ साली एक्सप्राइझ या अमेरिकन संस्थेने पाण्यासाठीची एक स्पर्धा नवी दिल्लीत जाहीर केली. टाटा समूह व ऑस्ट्रेलियन शासन यांचे तिला अर्थसाहाय्य होते आणि बक्षिसाची रक्कम साडेसतरा लाख डॉलर होती. अटी तीन : हवेतील बाष्पापासून दिवसाला किमान २,००० लिटर पाणी मिळवावे, त्यासाठी केवळ नवीकरणीय ऊर्जा वापरावी, आणि लिटरमागे खर्च दोन सेंटांहून अधिक होऊ नये. अंतिम पाच संघांत भारतातील उरावू लॅब्ज हा संघही होता. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील स्कायसोर्स-स्कायवॉटर संघाने पंधरा लाख डॉलर जिंकले. लाकडाचे तुकडे व तत्सम जैविक कचऱ्यापासून वायू करायचा, त्यावर वीज निर्माण करायची आणि त्या विजेवर हवा थंड करून पाणी टिपायचे, अशी त्यांची योजना. सारी यंत्रणा मालवाहू कंटेनरमध्ये बसवलेली होती.

आता हिशेब मांडू या. दोन सेंट म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दीड रुपया. बाटलीबंद पाण्याच्या तुलनेत हा दर स्वस्तच. पण १०,००० लिटरचा टँकर याच दराने भरला, तर पंधरा हजार रुपये पडतील. या भावाच्या पाण्यावर ना कापड रंगवता येईल, ना ऊस पिकवता येईल. अशा कठोर कसोटीला उतरलेले तंत्रही नदीची जागा घेऊ शकत नाही. स्पर्धेने नकळत दिलेला धडा हाच : नवे पाणी निर्माण करणे महाग आहे, असलेले पाणी राखणे त्याहून पुष्कळ स्वस्त आहे.

आपल्या शासनानेही ही दिशा धरली आहे. मार्च २०२२ मध्ये अमृत २.० अभियानांतर्गत केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने पाणी व सांडपाणी या क्षेत्रांसाठी स्टार्टअप स्पर्धा आरंभली. शंभर नवउद्योग निवडावेत आणि प्रत्येकास वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य व मार्गदर्शन द्यावे, अशी ती योजना. कल्पना मांडणे, प्रयोग करणे आणि विस्तार करणे, असे तिचे तीन टप्पे. पहिला टप्पा परीक्षक पार पाडतात. दुसऱ्यासाठी कोणा कारखानदाराने आपले आवार उघडावे लागते. तिसऱ्यासाठी लागतो ग्राहक, आणि अनेक उत्तम तंत्रे येथेच अडखळतात. प्रत्येक जण म्हणतो, आधी शेजाऱ्याने बसवावे, मग आम्ही पाहू.

असे पाहत बसण्याची किंमत तिरुपूरच्या व्यापाऱ्यांनी मोजली आहे. तेथील रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेती नासली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेहून अधिक रंगकारखाने बंद झाले. त्यानंतर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता पाणी व मीठ पुन्हा वापरण्याची व्यवस्था तेथे रूढ झाली. हेच काम टाळे लागण्यापूर्वीही करता आले असते.

इचलकरंजी आणि पंचगंगा यांची कथा आपल्या अधिक जवळची. २०१२ साली तेथे दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली व माणसे दगावली. पंचगंगेत शहरांचे मैलापाणी जाते आणि उद्योगांचेही जाते. दोष एकट्या कोणाचा नाही. म्हणूनच तो कोणीच आपला मानत नाही.

आपल्या घरांत पाणी गाळून वापरण्याची रीत आहे. गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत जपून परत सोडावेत, असा जुना दंडक आहे. अप्कायिक जीवांचा विचार करणाऱ्या परंपरेने घड्याला जो नियम लावला, तो कारखान्याच्या नळाला लावायला कोणती हरकत आहे? घेतले तेथे परत देताना हिंसा होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून ज्यांचे प्रोसेस हाउस, दूधसंकलन किंवा अन्नप्रक्रियेचा उद्योग आहे, त्यांनी आवारातील एक कोपरा अशा प्रयोगासाठी द्यावा. मात्र डोळे उघडे ठेवून. उदाहरणार्थ, लोखंड वा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून वीज सोडून सांडपाण्यातील रंग व मळ एकत्र गोळा करण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. ती रंग काढते. विरघळलेले मीठ काढत नाही, आणि गाळ मागे उरतोच. तेव्हा विक्रेत्याला विचारावे : रोजची वीज किती? पट्ट्या किती दिवस टिकतात? गाळाचे काय करायचे? मिठासाठी पुढची व्यवस्था कोणती? उत्तरे पटली, तर चार शेजारी कारखान्यांनी मिळून मागणी नोंदवावी आणि देयक वेळेवर चुकते करावे. नव्या उद्योजकाला रखडलेले देयक स्पर्धेतील पराभवापेक्षा लवकर बुडवते.

बक्षीस एकदाच मिळते. ग्राहक मिळाला तर पेढी उभी राहते. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नदीकाठच्या आपल्या गावात असा पहिला ग्राहक कोण होणार, हा प्रश्न पुढच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत जरूर विचारावा.