फोनमध्ये जागा किती घ्यावी? आधी घरचा हिशोब मांडा



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून मोबाईल खरेदीचा हंगाम सुरू होतो. मुलगी कॉलेजात जाणार, मुलाला भरतीचे फॉर्म भरायचे, म्हणून घरात एक बरा फोन घ्यायचे ठरते. भिशी उचलली जाते, बोनसमधले राखून ठेवलेले बाहेर निघते. सगळे मिळून दुकानात जातात. तिथे दुकानदार विचारतो, "एकशे अठ्ठावीस देऊ की दोनशे छप्पन्न?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. मग तोच ठरवतो, आणि तो कोणाच्या फायद्याचे ठरवणार हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा आज हाच विषय घेऊ. पण आधी आमच्याच चाळीत घडलेली एक गोष्ट सांगतो.

शेजारी एक आजी आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेला त्या आठ वर्षांच्या होत्या. वडिलांचे बोट धरून नागपूरला गेल्या होत्या. घरातली पितळेची भांडी मोडून गाडीभाडे कसे जमवले, पांढरे कापड कुठून आणले, मैदानावर पाण्यासाठी किती हिंडावे लागले, आईने परतताना काय शपथ घातली, हे सगळे त्या सांगत. दोन वर्षांपूर्वी विजयादशमीच्या दिवशी नातीने त्यांना खिडकीपाशी बसवले आणि चाळीस मिनिटे फोनवर चित्रण केले. आजी न थांबता बोलल्या. मध्ये एक पाळणाही गायल्या.

घरातला फोन हप्त्यावर घेतलेला, ६४ जीबीचा. पुढच्या पावसाळ्यात नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला. दाखल्याचा फोटो काढायला गेली तर फोन म्हणतो, जागा नाही. घरात एकच धांदल. धाकट्या भावाने फोन हातात घेतला. अशा वेळी फोन स्वतःच मोठ्या फायलींची यादी दाखवतो. यादीत सर्वांत वर आजींचे चित्रण होते. चाळीस मिनिटांचे, पाच जीबीचे. त्याला वाटले, हे मामांना व्हॉट्सॲपवर पाठवले आहेच. त्याने पुसले. तरी जागा होईना, कारण पुसलेली वस्तू आधी फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यात जाते आणि डबा रिकामा होईपर्यंत जागा अडवून बसते. त्याने डबाही रिकामा केला.

फॉर्म भरला गेला. प्रवेशही मिळाला, मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. मामांकडे पाठवलेला तुकडा मात्र तीन मिनिटांचा निघाला.

पोराला मी दोष देत नाही. त्या घटकेला बहिणीचा फॉर्म महत्त्वाचा होता. फोनला फक्त आकार कळतो, मोल कळत नाही. सकाळच्या शुभेच्छांची दोनशे चित्रे लहान लहान असतात म्हणून खाली राहतात, आणि आजी पाच जीबीच्या म्हणून वर येतात. घाईच्या वेळी कात्री लागते ती अशा ठिकाणी. म्हणून जागेचा हिशोब दुकानात नव्हे, घरी बसून करायचा.

आता मुद्द्याचे. दुकानात "आठ-एकशे अठ्ठावीस" असे दोन आकडे सांगतात. त्यातला लहान आकडा रॅमचा. फोन एका वेळी किती कामे उरकू शकतो ते त्यावर ठरते. फोन बंद केला की रॅममधले पुसले जाते. मोठा आकडा साठवणीचा, म्हणजे घरातल्या कपाटाचा. आपण बोलतो आहोत तो या कपाटाविषयी. काही जाहिरातींत "आठ अधिक आठ" अशी रॅम लिहितात. यातली दुसरी आठ ही कपाटातून उसनी घेतलेली असते. ती चालू ठेवली तर तेवढे कपाट कमी झाले असे समजावे. आणखी एक. १२८ म्हणून घेतलेला फोन उघडल्या उघडल्या रिकामा नसतो. त्याची स्वतःची यंत्रणा पंधरा ते पंचवीस जीबी अडवून बसलेली असते. खोली भाड्याने घ्यावी आणि घरमालकाची लोखंडी कपाटे आतच असावीत, तसे.

मग काय किती जागा खाते? एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा. हजार एमबीचा एक जीबी धरला तर एका जीबीत अडीचशे फोटो सहज बसतात. चित्रण मात्र फार खाते. नेहमीच्या फुल एचडी चित्रणाला मिनिटाला १०० ते १३० एमबी लागतात, तासाला सहा ते आठ जीबी. फोरके लावून काढले तर त्याच्या तिप्पट, तासाला वीसच्या घरात. आपल्या पोरांना फोरकेचा भारी सोस. पण ते बघायला घरात तसा टीव्ही हवा ना? पाच इंच रुंद पडद्यालाही न मावणारी बारकाई साठवून ठेवायची, आणि मग जागा नाही म्हणून ओरडायचे! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोरके काढून फुल एचडी करा. त्यासाठी एक पैसा लागत नाही, आणि दुकानदार हे सांगत नाही.

याउलट नुसता आवाज अगदी थोड्या जागेत मावतो. आवाजाच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे तासाला ६० एमबी. आजींची ती चाळीस मिनिटे नुसती आवाजात घेतली असती तर ४० एमबीत बसली असती, दहा फोटोंच्या जागेत. यादीत ती कोणाच्या नजरेलाही पडली नसती. पुस्तकांचेही तसेच. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, त्यांच्या पीडीएफ फायली चित्रणाच्या मानाने फार थोडी जागा घेतात. मुलांनी सगळे खंड फोनमध्ये ठेवले तरी फोनला कळणार नाही. पुस्तकांसाठी राजगृहासारखे घर बांधणाऱ्या माणसाचे ग्रंथ आज खिशात मावतात, एवढे तरी या यंत्राचे ऋण मानले पाहिजे.

दाखले, मार्कलिस्ट, जातवैधता प्रमाणपत्र यांच्या फोटोंनाही फारशी जागा लागत नाही. फॉर्म भरताना तर ते काही केबींवर आणून लावावे लागतात. तेव्हा "शिष्यवृत्तीचे कागद ठेवायचे आहेत, मोठा फोन घ्या" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. कागद डिजिलॉकरमध्येही ठेवा, आणि मूळ प्रती घरातल्या पेटीत.

आता चौघांच्या घराचा एक हिशोब मांडतो. घरात एकच चांगला फोन आहे असे धरा. फोनची यंत्रणा २० जीबी. पैसे पाठवायचे, अभ्यासाचे, गाण्याचे, गाडीच्या तिकिटाचे असे सगळे ॲप मिळून १८. हे ३८ कायमचे गेले. महिन्याला तीनशे फोटो काढले तर वर्षाला साधारण १५ जीबी. जयंती, बारसे, लग्न, विहारातला कार्यक्रम मिळून महिन्याला सरासरी अर्धा तास चित्रण धरले तर वर्षाला ४५. व्हॉट्सॲपवर येऊन पडणारे १०. म्हणजे वर्षाला ७० जीबी नवे येणार, महिन्याला जवळजवळ सहा.

६४ च्या फोनात ३८ वजा जाता २६ उरतात. चार-साडेचार महिन्यांत फोन भरला. १२८ चा सव्वा वर्षात भरेल. त्यातही दहावा हिस्सा रिकामाच ठेवावा लागतो, कारण गच्च भरलेला फोन मंद होतो, अडखळतो. तेव्हा वर्षभरच धरा. २५६ चा पावणेतीन वर्षे जाईल. आपण फोन चार वर्षे तरी वापरतो. म्हणजे न आवरता चार वर्षे पुरेल असा फोन यातला कोणताच नाही. आवरावे तर लागणारच. प्रश्न एवढाच, की ते आपण सवडीने आवरणार की फॉर्मच्या शेवटच्या दिवशी?

माझे मत सांगतो. ज्या घरात वर्षातून एकदा-दोनदा बसून फोटो-चित्रण दुसरीकडे उतरवून घेणारे कोणी आहे, त्या घराने १२८ घ्यावा आणि उरलेले पैसे मुलांच्या पुस्तकांना लावावेत. जो मुलगा कार्यक्रमांचे चित्रण करतो, गाण्याच्या पार्टीबरोबर फिरतो, त्याने २५६ घ्यावा. ते त्याचे हत्यार आहे. घरात असे आवरणारे कोणीच नसेल आणि फरक दीड-दोन हजारांचा असेल, तरीही २५६ घ्या. फरक चार-पाच हजारांचा सांगत असतील तर मागे फिरा. ६४ चा फोन फक्त फोन उचलणाऱ्या आणि फारतर भीमगीते ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ठीक. ५१२ आपल्यापैकी क्वचितच कोणाला लागेल. आणि हप्त्यावर घेत असाल तर महिन्याचा आकडा ऐकून मान डोलावू नका. सगळे हप्ते मिळून किती होतात ते दुकानातच कागदावर मांडून घ्या.

फोनला कार्डाची खाच असेल तर फोटो-चित्रण कार्डावर ठेवता येते. ॲप बहुधा फोनमध्येच राहतात. अनेक नव्या फोनांना खाचच नसते, तेव्हा घेताना विचारावे. कार्ड मात्र रस्त्यावरचे घेऊ नये. वर ५१२ लिहिलेले, आत १६ सुद्धा नसलेले बनावट कार्ड सर्रास मिळते. फोनलाही ते ५१२ च दाखवते. खरी जागा संपली की नवे लिहिताना जुने बिघडते, आणि आपल्याला कळते ते सहा महिन्यांनी.

गूगलची फुकट जागा १५ जीबी. त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे आले. १ जून २०२१ पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तेवढे फुकट ठेवता येत. ती सोय गेली. १५ जीबी वरच्या घराला तीन महिने पुरणार नाही. पण निवडक वस्तूंसाठी ही जागा फार चांगली आहे. आजीचा आवाज, वडिलांचा शेवटचा फोटो, बाळाचे पहिले चालणे एवढे तिथे ठेवावे. पासवर्ड घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावा.

बाकीच्यासाठी दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो. एक तोंड फोनला लागते, दुसरे संगणकाला. चार-पाच घरांनी मिळून हार्ड डिस्क घेतली तरी चालेल. एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी. आमच्या विहारात तशी घ्यावी असे मी सुचवले आहे. पण पेनड्राइव्हही कधी ना कधी मरतो. म्हणून मोलाच्या वस्तूच्या दोन प्रती हव्यात, आणि एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे वा भावाकडे. चाळीला आग लागते, पुराचे पाणी शिरते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

जुन्या वाचकांना कॅसेटचा काळ आठवत असेल. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट आपण फडक्यात गुंडाळून ठेवत असू. घरच्या ध्वनिमुद्रणावर कोणी चुकून दुसरे काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा दात मोडून टाकत असू. दात मोडला की त्यावर नवे भरता येत नसे. फोनला असा दात नाही. निदान मोलाच्या चित्रणांची नावे बदलून ठेवा. "आजी नागपूर १९५६" असे नाव दिसले असते तर त्या पोराचा हात थांबला असता. तिथे नुसते इंग्रजी अक्षरे आणि आकडे होते. आणि पुसलेले बहुतेक फोनांत महिनाभर कचऱ्याच्या डब्यात राहते. चूक लगेच लक्षात आली तर परत काढता येते. डबा रिकामा करण्याआधी मोठ्या माणसाला विचारा, एवढे मुलांना सांगून ठेवावे.

त्या आजी आता थकल्या आहेत. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर नात आणि मी त्यांच्यापाशी बसणार आहोत. या वेळी नुसता आवाज घ्यायचा, आणि एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांच्या वर नाही. गाडीभाड्याची आणि पाण्याची गोष्ट त्यांना अजून नीट आठवते. पाळण्याचे पहिले कडवे आठवते, दुसरे आठवत नाही. त्यांची धाकटी बहीण अकोल्याकडे असते. तिला ते येत असेल असे त्या म्हणतात. तिचा फोन नंबर मिळवला आहे.