आवाज बसला? आधी घरात डोकावा

गेल्या पावसाळ्यात एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टर, याचा आवाज बसलाय, खोकल्याचं औषध द्या." मी तपासले. ताप नाही, छाती स्वच्छ. औषध दिले. पंधरा दिवसांनी तीच तक्रार, पुन्हा औषध. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा दोन महिने उलटले होते. आवाज कशाने बसला, हे मी एकदाही विचारले नव्हते. चूक माझी होती.

मुलाला घाट ओलांडून नाशिकला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. दुर्बिणीने पाहिल्यावर दोन्ही स्वरतंतूंवर बारीक गाठी दिसल्या. गाठ म्हणताच आईचा चेहरा उतरला. पण या गाठी कर्करोगाच्या नव्हेत. कुदळ चालवून हाताला घट्टे पडतात ना, तसेच ओरडून ओरडून स्वरतंतूंना पडलेले हे घट्टे. मूल बोलते तेव्हा हे नाजूक तंतू सेकंदाला साधारण २५० ते ३०० वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडताना हा आघात आणखी जोराचा होतो.

मग घरची चौकशी केली. आजोबांना कमी ऐकू येते आणि नातू दिवसभर त्यांच्याभोवती. शाळेत आवाज खणखणीत म्हणून प्रार्थनेला आणि १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत घोषणा द्यायला हाच पुढे. घरी कुणाला बोलवायचे तर ओट्यावरून थेट शेतापर्यंत हाक. खोकल्याचे औषध यावर काय करणार?

शस्त्रक्रिया करावी लागली नाही. लहान मुलांत ती क्वचितच लागते. आजोबांच्या शेजारी बसून कानाशी बोलायचे, लांबून हाक न मारता जवळ जायचे, पाणी भरपूर प्यायचे आणि नाशिकला शिकवलेले आवाजाचे व्यायाम रोज करायचे, एवढेच ठरले. आजोबांचे कानही तपासून घेतले. पाच महिन्यांनी मुलाचा आवाज मोकळा झाला.

टीव्हीवर मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा लागल्या की आपण कामे टाकून बघतो. २००९ साली आळंदीची कार्तिकी गायकवाड 'लिटल चॅम्प्स' जिंकली तेव्हा घरोघरी कौतुक झाले. पण आवाज जपायचा तो गाणाऱ्याने, हा समज चुकीचा आहे. उद्या शिक्षक, कंडक्टर किंवा दुकानदार होणाऱ्या मुलाचीही भाकरी याच आवाजावर आहे.

पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सर्दीने बसलेला आवाज साधारण आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवड्यांनंतरही घोगरा राहिला तर तज्ज्ञांना दाखवा. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, सतत खाकरणेही वाईट. चुलीचा आणि विडीचा धूर मुलांपासून दूर ठेवा. मूल नेहमीच मोठ्याने बोलत असेल तर रागावण्याआधी त्याचे कान तपासा.

शेंगदाणा किंवा चिंचोका तोंडात असताना ठसका लागून आवाज बदलला, श्वास घेताना घरघर होऊ लागली, लाळ गिळता येईना, किंवा तापाबरोबर घशात पांढरट पडदा दिसला, तर एक तासही घालवू नका. तो पडदा घटसर्पाचा असू शकतो. त्याची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नका.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो, तो आजार नव्हे. चारचौघांत त्याची थट्टा करू नका आणि त्या काळात वरच्या पट्टीत गायला लावू नका.

आणि शेवटी, थोडे कडू सांगतो. "ओरडू नकोस!" असे आपण मुलांना सांगतो, तेही ओरडूनच. मूल बोलायला घरातच शिकते आणि ओरडायलाही. मुलाच्या आवाजाचे औषध माझ्या कपाटात थोडे आहे, तुमच्या घरात जास्त. आज घरी गेल्यावर मुलाला दारातून हाक मारू नका. चार पावले चालत त्याच्याजवळ जा आणि मग बोला.