टायरातलं औषध

मंडळी, हल्ली हवा भरायला गेलं की तिथला पोरगा हटकून विचारतो, "आजोबा, सीलंट टाकू का? पंक्चरची कटकटच नको." आमच्या पुतण्याने चारही चाकांत भरून घेतलंय. माझं मत विचाराल तर धडधाकट टायरात हे ओतूच नये.

अडीअडचणीला ते उत्तमच. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि सीलंटचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, असा नियमच २०२० साली सरकारने केला. पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं, तेही बेताच्या वेगाने. कायमचं भरून ठेवलं की खिळा रुततो, भोक बुजतं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. मग त्याच वाटेने पावसाचं पाणी आतल्या पोलादी तारांपर्यंत झिरपतं, गंज धरतो. टायर बाजूने चिरला तर त्याचा उपयोग शून्य. शिवाय उभ्या गाडीत ते तळाशी साचतं, चाकाचा तोल जातो, स्टिअरिंग थरथरतं. काही सीलंटांनी अलॉयच्या रिमाही खराब होतात.

असो. दिवाळीला घाट चढून येण्याआधी चारही टायर उतरवून, आतून पुसून खिळे बघून घे, असं पुतण्याला बजावलंय. पंक्चरवाला कुरकुरेल, तो चिकट लगदा काढायला कुणालाच आवडत नाही. चार पैसे जास्त दे म्हटलं त्याला.